ओव्हनमधल्या ग्लेझ्ड चिकन विंग्ज: ग्लेझ ओघळतं, करपतं किंवा चिकटतच नाही तेव्हा काय तपासायचं

आधी लक्षणं. तुमची तक्रार यांपैकी कुठे बसते ते बघा. एकाहून जास्त ठिकाणी बसली तरी नवल नाही.

- ग्लेझ (वरून लावायचा मध-सोयाचा चिकट, चकचकीत थर) खाली ओघळून ट्रेमध्ये साचलंय, विंग्ज वरून बोडक्या.
- ग्लेझ वर आहे, पण पाणचट. बोटांना चिकटत नाही, नुसतं ओलं लागतं.
- कडा काळ्या, चव कडवट, आणि हाडाजवळ मांस अजून कच्चं.
- कातडी रबरासारखी. एक घास घेतला की अख्खी सालपटासारखी सुटून येते.
- विंग्ज कागदाला किंवा जाळीला चिकटल्या आणि उचलताना कातडी तिथेच राहिली.
- ओव्हनमधून काढल्या तेव्हा झकास होत्या, दहा मिनिटांत मऊ पडल्या.
- खारटढोण.
- धूर.

बहुतेक जण यावर ग्लेझची कृती बदलतात. मध बदलतात, सॉस बदलतात, कॉर्नफ्लोअर वाढवतात. दोष तिथे क्वचितच असतो. ओव्हनमध्ये दोन कामं व्हायची असतात. पहिलं, कातडीतलं पाणी उडवून चरबी वितळवायची. दुसरं, साखरेचा थर आटवून वर बसवायचा. पहिल्याला पाऊण तास आणि कडक आच लागते, दुसऱ्याला दहा मिनिटं पुरतात. दोन्ही एकदमच उरकायला गेलं की वरच्या यादीतलं काहीतरी पदरात पडतं.

खालचे आकडे १ किलो विंग्जसाठी आहेत. टोकं काढून सांध्यावर दोन भाग केले की साधारण २० ते २४ तुकडे होतात. ग्लेझसाठी मध १०० ग्रॅम (सुमारे ५ मोठे चमचे), सोया सॉस ४५ मिली, व्हिनेगर १५ मिली, किसलेलं आलं आणि लसूण प्रत्येकी १ छोटा चमचा, तिखट आवडीप्रमाणे. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे जातात. एका खेपेला एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. ग्लेझ कधी लावलं?

या तपासणीला खर्च शून्य, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

विंग्ज रात्रभर मध-सोयामध्ये मुरवून तशाच ओव्हनमध्ये सारल्या असतील तर पुढचं वाचण्याआधी ते थांबवा. मधातलं फ्रुक्टोज ११०° सेल्सिअसच्या आसपासच तपकिरी व्हायला लागतं, साधी साखर १६०° च्या आसपास. विंग्जना मात्र २२०° वर ४० मिनिटं काढायची असतात. इतका वेळ साखर टिकत नाही. म्हणून वरून काळं आणि आतून कच्चं अशी विचित्र जोडी जमते. ती बघून लोक तापमान कमी करतात, आणि मग कातडी रबर होते.

क्रम असा ठेवा. विंग्जना फक्त मीठ-मिरपूड लावून २२०° वर ४० ते ४५ मिनिटं भाजा, २५ मिनिटांनी एकदा उलटा. फॅन चालू असेल तर २००°. कातडी सोनेरी झाली, ताणली गेली, बोटाने टकटक केल्यावर कडक लागली, की बाहेर काढा. दोन मिनिटं जाळीवर निथळू द्या. या दोन मिनिटांची घाई करू नका, कारण कातडीवर त्या वेळी वितळलेल्या चरबीचा थर असतो आणि त्याच्यावरून ग्लेझ घसरतं. फार तेलकट दिसल्या तर कागदी रुमालाने हलकेच टिपा.

मग स्वच्छ मोठ्या भांड्यात गरम विंग्ज आणि कोमट ग्लेझपैकी दोन तृतीयांश घालून हलवा. फ्रीजमधलं गार ग्लेझ नको, ते गोळ्यागोळ्यांनी बसतं. परत जाळीवर मांडून २००° वर ५ मिनिटं. उरलेलं ग्लेझ ब्रशने लावून आणखी ४ ते ५ मिनिटं. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी चांगले बसतात, कारण पहिला थर आटून खरखरीत होतो आणि दुसऱ्याला धरायला जागा मिळते.

कधी थांबायचं ते घड्याळापेक्षा बुडबुडे चांगलं सांगतात. सुरुवातीला फेसासारखे बारीक असतात. पाणी उडत गेलं की ते मोठे, संथ आणि आळशी होतात. त्याच क्षणी बाहेर काढा. गरम असताना ग्लेझ पातळच दिसणार. ते ५ मिनिटं गार झाल्यावर चिकट होतं. "अजून ओलंच आहे" म्हणून पुन्हा आत ठेवलेली ती शेवटची पाच मिनिटं सगळ्यात जास्त विंग्ज जाळतात.

वरचा रॉड लावून रंग आणायचा असेल तर विंग्ज रॉडपासून १० ते १५ सेंटीमीटर लांब ठेवा, १ ते २ मिनिटं द्या आणि ओव्हनसमोरून हलू नका. ग्लेझमध्ये लसणाचे तुकडे असतील तर आधी गाळून घ्या, करपतात ते आधी हेच.

मुरवलेल्या विंग्जखाली उरलेला रस ग्लेझ म्हणून वापरायचा असेल तर तो आधी खळखळून उकळलाच पाहिजे. त्यात कच्च्या चिकनचं पाणी आहे. कच्च्या मांसाला लावलेला ब्रशही शेवटच्या थराला वापरू नका.

२. कातडी खरंच कोरडी होती का?

पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १००° च्या वर जात नाही. खरपूस रंग मात्र १४०° च्या पुढे येतो. ओली कातडी ओव्हनमध्ये पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती वाफवली जाते.

विंग्ज धुऊ नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. ते शिजवण्यानेच मरतात. धुण्याऐवजी कागदी रुमालाने प्रत्येक तुकडा टिपा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा टिपा. दुसऱ्या वेळेचा कागद किती ओला होतो ते पाहिलं की एकदा टिपणं का पुरत नाही हे कळतं. सांध्याच्या खळग्यात पाणी दडून बसतं, तिथे बोट घाला.

यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे मीठ लावून, जाळीवर मांडून, काही न झाकता फ्रीजच्या खालच्या फळीवर ८ ते २४ तास ठेवणं. खाली ट्रे हवाच, थेंब दुसऱ्या पदार्थांवर पडता कामा नयेत. बाहेर काढताना कातडी घट्ट, किंचित पारदर्शक आणि बोटाला कोरडी लागली पाहिजे.

वेळ नसेल तर बेकिंग पावडर. टिपलेल्या विंग्जना १ मोठा चमचा, मिठात मिसळून, चाळणीतून भुरभुरवा. ती कातडीचा पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी करते, त्यामुळे रंग लवकर चढतो. शिवाय वायूचे बारीक बुडबुडे उठून कातडी खडबडीत होते आणि ग्लेझला धरायला जागा मिळते. चमचा शिगोशीग भरू नका, जास्त झाली की तुरट, धातूसारखी चव येते. आणि डबा वाचून घ्या: बेकिंग सोडा ही वेगळी वस्तू आहे, कितीतरी तीव्र. तेवढाच सोडा घातला तर विंग्ज साबणासारख्या लागतील आणि त्यावर इलाज नाही.

गोठवलेल्या विंग्ज फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्या, साधारण २४ तास. बाहेरून मऊ पण आत बर्फ अशा विंग्ज भाजायला घेतल्या की पाणी शेवटपर्यंत सुटत राहतं आणि ग्लेझ त्याच पाण्याबरोबर वाहून जातं. पाकिटावर मिठाचं पाणी भरल्याचा उल्लेख असेल तर सुकवायला जास्त वेळ द्या आणि मीठ निम्म्यावर आणा.

३. ट्रेमध्ये काय चाललंय?

विंग्ज एकमेकींना चिकटून बसल्या असतील तर त्या एकमेकींच्या वाफेत शिजतात. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी. १ किलोला घरगुती छोट्या ओव्हनचा एक ट्रे बहुतेक वेळा पुरत नाही. दोन खेपा करा. एकाच वेळी दोन मजल्यांवर दोन ट्रे ठेवले तर खालच्याला वरची आच मिळत नाही.

जाळी असेल तर ट्रेवर जाळी ठेवा. खालून हवा फिरते, चरबी थेंबथेंब पडते, विंग्ज तिच्यात डुंबत नाहीत. जाळीला तेल चोळा, विशेषतः आडव्या-उभ्या तारा जिथे जुळतात तिथे. जाळी नसेल तर बेकिंग पेपरवर मांडा, पण ग्लेझ लावण्याआधी चरबीने भिजलेला कागद काढून नवा घाला. बहुतेक बेकिंग पेपर २२०° च्या आसपासपर्यंतच चालतात, त्यामुळे पाकिटावरचा आकडा बघा, आणि वरचा रॉड पेटवताना कागद काढून टाका. मेणकागद ओव्हनमध्ये अजिबात नको.

पहिल्या २० मिनिटांत उलटायला गेलात तर कातडी फाटणारच. नीट भाजलेली कातडी आपोआप सुटते. चिमट्याने हलकं ओढल्यावर विरोध झाला तर आणखी पाच मिनिटं द्या. ग्लेझ लावल्यानंतर मात्र उलट: पूर्ण गार होऊ देऊ नका. साखर घट्ट झाली की विंग्ज जाळीला सिमेंट लावल्यासारख्या बसतात. ५ मिनिटांनी, कोमट असतानाच उचला.

काढल्यावर मऊ पडतात त्याचं कारणही जागाच. डब्यात रचल्या, वरून झाकण ठेवलं, की स्वतःच्या वाफेने कातडी भिजते. त्यात मध हवेतलं पाणी ओढून घेतो. उशिरा वाढायच्या असतील तर ग्लेझ न लावता भाजून तयार ठेवा आणि वाढायच्या आधी दहा मिनिटं ग्लेझची दोन थरांची पायरी करा. कोरड्या तयार विंग्जही बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका.

४. ग्लेझ पुरेसं आटलं होतं का?

वरच्या प्रमाणात सगळं मिळून सुमारे १७० ग्रॅम भरतं, आणि त्यातला बराच भाग पाणी असतं, कारण सोया सॉस आणि व्हिनेगर जवळजवळ पाणीच. ते ओव्हनमध्ये उडेल या भरवशावर राहू नका. तिथे ते आधी कातडीत मुरतं. गॅसवर मध्यम आचेवर ५ ते ८ मिनिटं आटवून १२० ते १२५ ग्रॅमवर आणा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवलं तर अंदाजाची गरजच नाही.

वजनकाटा नसेल तर बशी फ्रीजरमध्ये ठेवा आणि तिच्यावर एक थेंब टाका. अर्ध्या मिनिटाने बशी तिरकी केली की थेंब मधासारखा सावकाश सरकला पाहिजे. पळत सुटला तर कच्चं, हललाच नाही तर जास्त आटलंय. बोटांत धरून पाहिलं तर एकतारी पाकाच्या जरा अलीकडे थांबायचं, कारण ओव्हनमध्ये ते आणखी आटणार आहे. जास्त आटलं तर चमचाभर गरम पाणी घालून सैल करा, काही बिघडत नाही.

कॉर्नफ्लोअरबद्दल स्पष्ट सांगायचं तर ते दाट करतं, चिकट करत नाही. चिकटपणा साखरेच्या घट्ट पाकाचा असतो. पिठाने दाट केलेलं ग्लेझ चमच्यावर छान दिसतं, पण त्यात पाणी तेवढंच राहतं आणि गार झाल्यावर जेलीसारखा थर सोलून निघतो. फारच हवं असेल तर १ छोटा चमचा, गार पाण्यात कालवून, आटवायच्या शेवटी. लोणी घालायचं तर तेही शेवटीच आणि १० ग्रॅमपुरतं. त्याने चकाकी येते, पण जास्त झालं की ग्लेझ फुटून तेल वेगळं होतं.

५. मीठ कुठून आलं?

४५ मिली सोया सॉसमध्ये जवळपास ७ ग्रॅम मीठ असतं आणि ते आटवताना उडत नाही. त्यामुळे विंग्जना एरवीसारखं १० ग्रॅम मीठ लावू नका, ५ ते ६ ग्रॅम पुरे. झालेलं खारट ग्लेझ मध घालून झाकू नका. थोडं पाणी आणि व्हिनेगर घालून वाढवा आणि एकच थर लावा.

६. आत शिजलंय का?

इथून पुढे थोडा खर्च आहे. टोकदार दांडीचा किचन थर्मामीटर घ्या. जाड तुकड्याच्या मध्यात, हाडाला न टेकवता खुपसा. हाडाला टेकला तर आकडा फसवा येतो. सुरक्षिततेसाठी किमान ७४° हवेत. पण विंग्ज तिथेच थांबवल्या तर चिवट लागतात. त्यांच्यात कातडी आणि सांधे भरपूर, त्यातलं कोलॅजन (चिवट तंतूंचं प्रथिन) विरघळायला ८५ ते ९०° लागतात. छातीच्या मांसासारख्या त्या लगेच कोरड्या पडत नाहीत, म्हणून ही मुभा आहे.

हाडाजवळचा लालसर रंग एकट्याने काही सिद्ध करत नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजल्यावरही मांसात उतरतो, गोठवलेल्या विंग्जमध्ये जास्तच. आकडा पुरा असेल तर खायला हरकत नाही. आणि रंग पांढरा पण आकडा ६५° असेल तर परत आत.

७. ओव्हन खरं बोलतोय का?

वरचं सगळं बरोबर केलं आणि तरी दर वेळी तोच गोंधळ, तर बटणावरच्या आकड्यावर शंका घ्या. घरगुती ओव्हन, त्यातही छोटे ओटीजी, १०-२० अंशांनी सहज चुकतात. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असंही नाही. भिंती तापायला २० मिनिटं द्या. ग्लेझ लावताना दार सताड उघडं ठेवू नका. ट्रे बाहेर काढा, दार लावा, मग सावकाश ब्रश फिरवा.

घरातल्या घरात दोन चाचण्या होतात. साधी साखर १८६° च्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून ओव्हन १७५° वर पूर्ण तापवा आणि १५ मिनिटं वाट पाहा: वितळता कामा नये. मग नवी साखर घेऊन १९५° वर तेवढाच वेळ: वितळायला हवी. पहिल्या वेळीच वितळली तर ओव्हन जास्त तापतो, दुसऱ्या वेळीही कोरडीच राहिली तर कमी. दुसरी चाचणी पावाची. जाळीभर पावाचे तुकडे मांडून १८०° वर ८ ते १० मिनिटं ठेवा. कुठला कोपरा काळा, कुठला पांढरा, हा ओव्हनचा नकाशा झाला. गरम कोपऱ्यात मोठे तुकडे ठेवा आणि अर्ध्या वेळेत ट्रे फिरवा.

आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर यापेक्षा अचूक. तो घेतला तर एका आकड्यावर जाऊ नका. थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) चालू-बंद होताना तापमान वरखाली होतं, म्हणून दर ५ मिनिटांनी पाच-सहा नोंदी करून सरासरी काढा. फरक दर वेळी सारखाच असेल, समजा २० अंश कमी, तर बटण २० अंश पुढे लावा आणि विषय संपवा. दुरुस्तीची गरज नाही.

धुराचंही इथेच पाहून घ्या. धूर बहुधा जुन्या साचलेल्या चरबीचा असतो. गार ओव्हन पुसून घ्या. तरी धूर झाला तर ग्लेझच्या पायरीआधी ट्रेमधली चरबी ओतून टाका. सुरुवातीपासून ट्रेमध्ये पाणी ओतायचा सल्ला ऐकायला मिळतो. धूर थांबतो, पण कातडी वाफेने मऊ पडते. चरबीने पेट घेतलाच तर ओव्हन बंद करा, दार उघडू नका आणि पाणी अजिबात मारू नका. आग आवरत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

८. इथे थांबा, तंत्रज्ञ बोलवा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर ग्लेझचा विचार सोडा.

ओव्हनच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा ओव्हन लावताच घरातला ब्रेकर पडतो. पहिल्या अनुभवानंतरच मुख्य स्विच बंद करा, पुन्हा लावून बघू नका. रॉड अर्धाच लाल होतो, त्यावर फोड किंवा चीर दिसते, किंवा आत ठिणगी उडते. प्लॅस्टिक किंवा वायर जळाल्याचा वास येतो, जो चरबीच्या धुरापेक्षा वेगळा, नाकाला झोंबणारा असतो. तापमान एका दिवशी ३० अंश जास्त आणि दुसऱ्या दिवशी ४० कमी, म्हणजे थर्मोस्टॅट किंवा त्याचा सेन्सर गेलाय. दाराच्या काचेला तडा गेलाय.

गॅसच्या ओव्हनमध्ये ज्योत निळ्याऐवजी पिवळी किंवा काजळी धरणारी असेल तर वापर थांबवा आणि हवा खेळती करा, कारण अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डोकं दुखत असेल किंवा गरगरत असेल तर ताबडतोब बाहेर पडा. गॅसचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, कुठलंही बटण दाबायचं नाही, अगदी दिवाही नाही. बाहेर जाऊन मग गॅस पुरवठादाराला फोन.

दाराचं रबर सुटलं असेल तर ते एवढं एक घरी बदलता येतं, मॉडेलचा क्रमांक बघून. बाकी रॉड, थर्मोस्टॅट, वायरिंग आणि गॅसचा बर्नर यांना स्वतः हात घालू नका, प्लग काढलेला असला तरी.

तंत्रज्ञाला फोन करताना "विंग्ज नीट होत नाहीत" हे सांगून त्याला काहीच कळणार नाही. साखरेच्या दोन चाचण्यांचा निकाल, थर्मामीटरच्या नोंदी, कुठला रॉड लाल होतो आणि कुठला नाही, २००° पर्यंत तापायला किती मिनिटं लागतात, आणि पावाच्या चाचणीचा फोटो, एवढं तयार ठेवा. कुठला सुटा भाग घेऊन यायचा हे तो त्यावरूनच ठरवतो.